करडईचं दूध आणि आपलं ताट

(सामुदायिक रेडिओवर वेळ अमावस्येच्या आधी झालेलं भाषण. बोलीतला ओघ तसाच ठेवला आहे.)

वेळ अमावस्या आठवड्यावर आली आहे. औसा, निलंगा, उदगीर, लातूर, तिकडं उमरग्यापर्यंत घरोघरी आंबिलाची बिंदगी खाली निघाली असतील. भज्जीसाठी कुणाच्या रानात कोणती शेंग भरली आहे, याची चौकशी सुरू झाली असेल. म्हणून आज त्या दिवसाच्या ताटातल्या एका पदार्थाबद्दल बोलणार आहे. गोष्ट खिरीची आहे, पण खिरीपाशी थांबणारी नाही.

दिवाळीत माझी पुतणी पुण्याहून आली होती. तिच्या चार वर्षांच्या मुलाला गाईचं दूध सोसत नाही, डॉक्टरांनी तपासून तसं सांगितलं आहे. म्हणून तिनं सोबत कागदी डब्यातलं बदामाचं दूध आणलं होतं. एक लिटरला अडीचशेच्या वर रुपये. माझ्या सासूबाईंचं वय ८४. त्या ओट्यावर बसून सगळं बघत होत्या. त्यांनी विचारलं, "कशाचं दूध म्हणलीस गं?"

"बदामाचं, आजी."

"बदामाला कुठून आलंय दूध?"

सगळे हसले. सासूबाई हसल्या नाहीत. थोड्या वेळानं म्हणाल्या, "आमच्या वक्ताला आम्ही करडईचं दूध काढायचो. त्यात खीर शिजायची, साऱ्या आळीला पुरायची. त्याचा डबा कुणी केला नाही."

मी तिथंच गप्प झाले. मी तीस वर्षं अंगणवाडीत काम केलं. गरोदर बायांना, लेकुरवाळ्यांना काय खावं ते सांगितलं. भिंतीवर तक्ते लावले, त्यावर दुधाचा पेला, अंडं, सफरचंद, सगळं होतं. पण करडईचं दूध हा शब्द माझ्या तोंडून एकदाही निघाला नाही. आईच्या हातची ती खीर मी लहानपणी खाल्ली होती, तरीही. हे कसं झालं, याचा विचार तेव्हापासून करते आहे. त्यातून जे सापडलं ते आज तुमच्यापुढं ठेवते.

आधी ज्यांनी हे दूध पाहिलं नाही, त्यांच्यासाठी सांगते. करडईचं बी पांढरं, चकचकीत, टणक कवचाचं. ते निवडून, धुऊन रात्रभर भिजत घालायचं. सकाळी पाट्यावर, थोडं थोडं पाणी घालत बारीक वाटायचं. मग पातळ धडक्यात घालून पिळायचं. खाली जे उतरतं ते दूध. चोथ्यात पुन्हा पाणी घालून दुसरं दूध काढायचं, पण फार पिळायचं नाही. चोथा कडसर असतो, तो कडूपणा दुधात उतरतो, असं सासूबाई सांगतात. तिकडं चुलीवर खपली गहू कांडून, सडून, मऊ शिजवलेला असतो. त्यात गूळ, सुंठ, वेलदोडा घालायचा आणि शेवटी मंद आचेवर हे दूध सोडून हलवत राहायचं.

यातलं काहीच आपल्याला परकं नाही. कुरडईसाठी आपण गहू तीन दिवस भिजवतो, वाटतो, गाळतो आणि त्याचा चीक काढतो. नाचणीचं सत्त्व असंच निघतं. कोकणातल्या बाया नारळ वाटून, पिळून दूध काढतात, त्याची सोलकढी करतात. धान्यातलं, बियांतलं सार पाण्यात उतरवून घ्यायचं, ही एकच युक्ती आहे. पीक जसं, तसं दूध. कोकणात नारळ, आपल्याकडं करडई. सीमेपलीकडं बीदर-कलबुर्गीकडं जा. तिथं करडईला कुसुबे म्हणतात, आणि तिथल्या बायांनाही हे दूध ठाऊक आहे.

आणि जगातही असंच आहे. चीनमध्ये सोयाबीन भिजवून, वाटून दूध काढायची रीत फार जुनी, तेच दूध नासवून टोफू होतो. युरोपात मध्ययुगात ख्रिस्ती लोकांच्या उपासाच्या दिवसांत जनावराचं दूध वर्ज्य असायचं, तेव्हा सधन घरांच्या स्वयंपाकघरात बदामाचं दूध निघायचं. मला सगळ्यात नवल वाटलं ते इथिओपियाचं. आफ्रिकेतला हा देश आपल्यासारखाच, भरडधान्याची भाकरी खाणारा. तिथं उपासाच्या दिवसांत करडईचं बी वाटून, गाळून पातळ पांढरं पेय करतात आणि त्यात भाकरीचे तुकडे भिजवून खातात. त्या बायांना आपण ठाऊक नाही, आपल्याला त्या ठाऊक नाहीत, पण हात एकाच रीतीनं चालतात. आज शहरात मिळणारं ओटचं दूध मात्र अगदी अलीकडचं. स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठातल्या संशोधनातून १९९० च्या दशकात ते पुढं आलं. तेव्हा पुतणीच्या डब्याला नावं ठेवायची नाहीत. ती मोठ्या गोतावळ्यातलीच एक वस्तू आहे. फक्त त्या गोतावळ्यात आपली करडईही आहे, एवढंच आपण विसरलो.

आपल्याकडं करडईच का, हे आपली जमीन सांगते. काळी, भारी, ओल धरून ठेवणारी. पावसाळ्यात रान मोकळं ठेवायचं, वखरून ठेवायचं आणि पाऊस सरला की रब्बीची ज्वारी पेरायची, ही इथली जुनी चाल. त्या ज्वारीत करडईचे पाट असायचे. धुऱ्याकडेनं करडईच्या तासांचं कुंपण असायचं, कारण काटे आले की जनावर आत शिरत नाही. करडईचं मूळ खोल जातं, पाऊस कमी झाला तरी ती तग धरते. कोवळी असताना पाल्याची भाजी, फुलं आली की पाकळ्यांचा रंग, बी निघालं की घाण्याचं तेल, पेंड जनावराला, आणि सणाला दूध. कुसुंबी रंग म्हणतात तो करडईच्या फुलाचा. इजिप्तच्या जुन्या थडग्यांतसुद्धा करडईची फुलं सापडली आहेत, इतकं हे पीक माणसाच्या सोबतीचं आहे.

करडईसोबत त्याच रानात हरभरा, जवस, मसूर असायची. खरिपाच्या हलक्या रानात बाजरी, तूर, मूग, उडीद, तीळ, कारळे, अंबाडी, मटकी. हे सगळं विकण्यासाठी नव्हतं. तासाकडेची चार ओळींची अंबाडी, बांधावरचे तीळ हे बाईच्या हिशोबाचं पीक होतं. बियाण्याची गाडगी राख घालून, तोंड लिंपून तीच ठेवायची. पेरणीच्या दिवशी ओटीतून बी तीच काढून द्यायची.

आणि खीर करडईच्या दुधातच का? आपला भाग देवणी गाईचा. नांदेडकडं लाल कंधारी. ही जनावरं काटक, कामाला चिवट. पण पूर्वी घरोघरी दुधाच्या घागरी भरत होत्या असं समजू नका. गाय पाळायची ती मुख्यतः बैलासाठी. उन्हाळ्यात चारा नाही, तर दूध नाही. जे असेल ते वासराला, लहान लेकराला, थोडं विरजणाला. साऱ्या आळीला पुरेल एवढी खीर करायची तर दूध आणायचं कुठून? करडई मात्र प्रत्येकीच्या कणगीत होती. मला वाटतं, या खिरीमागचं खरं कारण हेच आहे. ती गरजेतून आली आणि सणाची झाली.

आता कुणी म्हणेल, म्हणजे जुनं ते सोनं. मैत्रिणींनो, तसं मी म्हणणार नाही, कारण ते खोटं होईल. आपला भाग १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्या काळात आणि त्यानंतरही कितीतरी घरांत ताटात ज्वारीची भाकरी, वर मीठ-मिरची आणि पाणी, एवढंच असायचं. रानात सतरा पिकं असली तरी ज्याला रानच नाही त्याला काय? दख्खनच्या पठारावर ज्वारी खाणाऱ्या गरिबांमध्ये पेलाग्रा नावाचा रोग दिसायचा. उन्हात उघडी राहणारी कातडी काळी पडायची, भेगाळायची, जुलाब लागायचे, मन थाऱ्यावर राहायचं नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत डॉक्टर सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात या रोगाचा कसून अभ्यास केला. ज्वारी वाईट आहे असा त्याचा अर्थ नव्हे. नुसत्या ज्वारीवर दिवस काढावे लागले की शरीरात नायसिन या जीवनसत्त्वाचा तुटवडा पडतो. सोबत डाळ, शेंगदाणे, भाजी, ताक असेल तर तीच ज्वारी अंगी लागते. एकच धान्य माणसाला पुरत नाही, हे तेव्हाही खरं होतं. आजही आहे.

मग ताट बदलत कसं गेलं? बदल नेहमीच होत आले आहेत. मिरची, भुईमूग, टोमॅटो, बटाटा ही मूळची आपली नव्हेत. अमेरिका खंडातून पोर्तुगिजांच्या काळात ती इकडं आली आणि आज त्यांच्याशिवाय आपली चूल पेटत नाही. १९११ मध्ये बार्शी लाइट रेल्वेचा रूळ लातूरपर्यंत आला आणि आपल्या भागाचा माल दूरच्या बाजारांशी जोडला गेला. विकण्यासाठी काय पिकवायचं, हा विचार तेव्हापासून जोर धरत गेला. पण घरी खाण्याचं आणि विकण्याचं अशी दोन्ही पिकं बरीच वर्षं शेजारी शेजारी नांदली.

पहिला मोठा धक्का १९७२ च्या दुष्काळाचा. मी सहा वर्षांची होते. आई खडी फोडायला जायची. कामावर सुकडी मिळायची, ती आम्ही पोरं फराकीच्या ओच्यात घेऊन खायचो. आणि मिलो. अमेरिकेतून आलेली ती लाल ज्वारी. तिच्या भाकरीला वास यायचा, ती गिळताना घसा खरवडायचा, पण तिनं जीव वाचवले हेही खरं. त्याच काळात संकरित ज्वारी आली. सीएसएच-१ हा पहिला संकरित वाण १९६४ मध्ये निघाला होता. दुष्काळानंतर 'हायब्रीड' हा शब्द गावोगावी पोचला. दाणे जास्त, ताट बुटकं, कडबा कमी, आणि पावसात सापडली की काळी पडायची. माळदांडीच्या भाकरीची चव तिला नव्हती, पण पोटाला आधार होता. त्या वेळी पोट भरणं हाच प्रश्न होता, आणि तो बराचसा सुटला. मात्र सोबत आणखी एक गोष्ट झाली. रेशनवर गहू आणि तांदूळ मिळू लागले. ज्वारी पिकवणाऱ्या घरात भात रोजचा झाला. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात भरडधान्याचं नाव आहे, पण दुकानात आपल्या वाट्याला मुख्यतः गहू-तांदूळच आला.

दुसरा बदल तेलाचा. १९८० च्या दशकाच्या अखेरीस देशात करडई नऊ-दहा लाख हेक्टरच्या आसपास होती, आणि तिचं मोठं क्षेत्र महाराष्ट्रात आणि कर्नाटकात होतं. आज ती एक लाख हेक्टरच्याही खाली आली आहे. १९९४ नंतर बाहेरच्या देशांचं पामतेल स्वस्तात येऊ लागलं, पिशवीतलं रिफाइंड तेल गल्लीतल्या दुकानात पोचलं, आणि गावचे घाणे बंद पडले. घाणा बंद झाला तर करडई पेरून न्यायची कुठं?

आणि काटे. करडई काढणं म्हणजे काय, हे ज्या बायांनी काढली आहे त्यांनाच विचारा. पहाटे दव असताना, काटे जरा नरमलेले असताना रानात जायचं. हाताला फडकी, पायाला गोणपाट गुंडाळायचं. ऊन चढलं की काम बंद, तरी रात्री सुई घेऊन काटे काढत बसायचं. सासूबाई म्हणतात, "करडई गेली म्हणून मी रडले न्हाई बाई." हेही ऐकायला हवं. पीक गेलं त्याचं दुःख आपण आज बोलतो, पण त्याचे काटे बायांच्याच हातात होते. फलटणच्या निंबकर संस्थेनं बिनकाट्याची करडई तयार केली. परभणीच्या कृषी विद्यापीठानं शारदा, परभणी कुसुम असे वाण दिले. पण तोवर रान दुसरीकडं वळलं होतं.

ते वळलं सोयाबीनकडं. १९९० च्या दशकात ते आपल्याकडं पसरलं. १९९४ मध्ये जबलपूरहून जेएस-३३५ हा वाण आला आणि पाहता पाहता खरिपाचं रान सोयाबीनचं झालं. शंभर दिवसांत पीक घरात, मागून हरभरा, हातात रोख पैसा. मुलींच्या फिया, घराचा स्लॅब, दवाखाना, सगळं सोयाबीनवर झालं. मी ते नाकारत नाही, माझ्याही घरात ते झालं आहे. आज लातूरच्या बाजारातल्या सोयाबीनच्या भावाकडं राज्यभरातल्या शेतकऱ्यांचं लक्ष असतं.

याच दशकात ३० सप्टेंबर १९९३ ची ती पहाट आली. किल्लारी आपल्याच औसा तालुक्यातलं. त्या ढिगाऱ्याखाली माणसं गेली, त्यांच्यापुढं दुसरा कुठला हिशोब काढायचा नाही. पण उतरंडी गेल्या, पेवं गेली, बियाण्याची गाडगी गेली, ती कुणी मोजली नाहीत. नव्या गावात, नव्या घरात पाटा-वरवंटा मांडायला जागा नव्हती.

आता एक गंमत बघा. सोयाबीनच्या दाण्यात सुमारे ४० टक्के प्रथिनं आणि २० टक्क्यांच्या जवळपास तेल असतं. जगात वनस्पतीच्या दुधात सगळ्यात पौष्टिक मानलं जातं ते सोयाबीनचं. तेच आपल्या अंगणात पोत्यांनी पडलेलं असतं, आणि आपण त्यातला दाणाही खात नाही. गाडीत घालतो, बाजारात नेतो, पैसे घेतो आणि येताना तेलाची पिशवी आणतो. महात्मा गांधींनी १९३५ मध्ये वर्ध्याच्या मगनवाडीत सोयाबीन रोजच्या जेवणात घेऊन बघितलं होतं, त्याबद्दल 'हरिजन'मध्ये लिहिलंही होतं. गरिबाला परवडेल असं पोषण त्यांना हवं होतं. त्यानंतर साठ वर्षांनी सोयाबीन आपल्या दारात आलं, पण बाजारात जाणारा माल म्हणून आलं. ताटाकडं वळलंच नाही.

आता आरोग्याचं बोलू. अंगणवाडीची सवय आहे, त्यामुळं हे नीट सांगितल्याशिवाय माझं भाषण पुरं होणार नाही.

पहिलं, सगळी दुधं सारखी नसतात. एक पेला सोयाबीनच्या दुधात साधारण गाईच्या दुधाएवढी प्रथिनं असतात. बदामाच्या डब्यातल्या दुधात जेमतेम ग्रॅमभर, कारण त्यात बदाम थोडे आणि पाणी फार. करडईच्या दुधात तेलाचा अंश चांगला, त्यानं खीर मऊ आणि पोटभरीची होते, पण कॅल्शियमसाठी त्यावर विसंबायचं नाही. २०१७ मध्ये युरोपच्या न्यायालयानं आणि २०२१ मध्ये आपल्या देशातल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणानं सांगितलं की असल्या पेयांना विक्रीच्या वेष्टनावर दूध म्हणायचं नाही. नारळाच्या दुधाला तेवढी मुभा आहे. घरात आपण काय म्हणावं हा आपला प्रश्न आहे. सासूबाई दूधच म्हणतात, मीही म्हणते. पण ते गाईच्या दुधाची जागा पुरती भरून काढत नाही, हे लक्षात असू द्या.

दुसरं, तान्ह्या लेकराला पहिले सहा महिने फक्त आईचं दूध. वर्षाच्या आतल्या बाळाला दूध म्हणून करडईचं, सोयाबीनचं, बदामाचं काहीही द्यायचं नाही. लेकराला गाईचं दूध सोसत नाही असं वाटलं तर आधी डॉक्टरांना दाखवा. ज्या मोठ्या माणसांना दूध पचत नाही, त्यांतल्या अनेकांना दही-ताक चालतं. आपली आंबील त्यासाठीच शहाणी आहे.

तिसरं, सोयाबीन कच्चं खायचं नाही. भिजवा, साल काढा, वाटा, गाळा आणि मग चांगलं उकळा. कच्च्या दाण्यात प्रथिनं पचू न देणारे घटक असतात, ते उष्णतेनं जातात. आणि हे पक्कं लक्षात ठेवा, पेरणीसाठी आणलेलं औषध लावलेलं बी खायला कधीही घ्यायचं नाही. ते करडईचं असो की सोयाबीनचं.

चौथं, कॅल्शियम आणि लोह डब्यात शोधू नका. तीळ, नाचणी, शेवग्याचा पाला, राजगिरा, करडईची कोवळी भाजी, बाजरी, हे सगळं आपल्याच भागात होतं आणि होतं आहे. जवसाची चटणी हृदयाला चांगली, कारळ्याची चटणी तर भाकरीचा जीव. जो कुणी दूध, दही, अंडं, मांस काहीच घेत नाही, त्यानं बी-१२ या जीवनसत्त्वाबद्दल डॉक्टरांना विचारावं, ते वनस्पतीतून मिळत नाही.

आणि पाचवं, जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या ५४ टक्के बायांचं रक्त कमी निघालं. निम्म्याहून जास्त. पोटभर अन्न नसलेल्याच या सगळ्या बाया आहेत असं नाही. भात आहे, चपाती आहे, बटाटा आहे, चहा-बिस्कीट आहे. पोट भरतं, पण ताटात एकच रंग असतो. आणि भाजी, डाळ, शेंगदाणे जे काही वेगळं असतं, ते सगळ्यांना वाढून झाल्यावर तिच्या ताटात किती उरतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. पूर्वी ज्वारीवर भागवायला लागणाऱ्या बाईची कातडी काळी पडायची, आज भात-चहावर भागवणाऱ्या बाईचं रक्त कमी पडतं. धान्य बदललं, दुखणं बदललं, मूळ तेच राहिलं. ताटात चार गोष्टी नाहीत.

म्हणून मला वेळ अमावस्येचं ताट मोलाचं वाटतं. त्या दिवशी भज्जीत काय काय पडतं आठवा. ओला हरभरा, तूर, वाटाणा, वालाच्या शेंगा, गाजर, कांद्याची पात, चुका, मेथी, शेंगदाणे, वरून बेसन. सोबत बाजरी-ज्वारीचे उंडे, आंबील, तिळाची पोळी, खपली गव्हाची खीर. एका जेवणात पंधरा-वीस पिकं. आहाराचा जो तक्ता मी तीस वर्षं भिंतीवर लावला, त्यापेक्षा हे ताट पुढचं आहे. आणि ते एकटीनं खायचं नसतं. रानात पंगत बसते, वाटेनं जाणाऱ्यालाही हाक मारून बसवतात. पण यातल्या किती गोष्टी आता आपल्या रानातून येतात? चुका बाजारातून, वाटाणा बाजारातून, तीळ दुकानातून. सणाचं ताट तसंच आहे, पण त्याच्यामागचं रान रिकामं झालं आहे.

मग आपण काय करायचं? सोयाबीन उपटून करडई पेरा, असं मी सांगणार नाही. घर सोयाबीनवर चालतं. पण घरात दहा एकर असतील तर त्यातलं एक एकर, दोन एकर असतील तर दहा गुंठे आणि रान नसेल तर परसातली चार तासं, एवढी खाण्याच्या पिकांसाठी बाईच्या हाती असावीत. भूकंपानंतर लातूर-धाराशिवमध्ये उभं राहिलेलं स्वयं शिक्षण प्रयोगाचं काम तुमच्यातल्या पुष्कळ जणींना माहीत आहे. त्यांच्या एक एकर शेतीत बायांनी हेच केलं. नवऱ्याकडून एकर-अर्धा एकर मागून घेतलं, त्यात भाजीपाला, डाळी, भरडधान्य मिसळून लावलं, आधी घरात खाल्लं आणि उरलेलं विकलं. काय पेरायचं हे जेव्हा बाई ठरवते, तेव्हा ताट बदलतं. आपल्याकडून हाच निर्णय हळूहळू गेला. करडईचं दूध त्याच्याबरोबर गेलं.

२०२३ हे वर्ष जगभर भरडधान्यांचं वर्ष म्हणून साजरं झालं. शहरात ज्वारीची बिस्किटं निघाली. ते चांगलंच आहे. पण ज्वारी शहरात महाग होऊन आपल्या ताटातून जाऊ नये, एवढं मात्र आपल्यालाच बघायचं आहे.

शेवटी त्या खिरीचं सांगते. पुतणी जायच्या आधी मी करडई शोधायला निघाले. बाजारात तीन दुकानं फिरले, औषध न लावलेली करडई मिळेना. शेवटी एका शेजारणीच्या माहेराहून शेरभर आली. पाटा गेलाच आहे, म्हणून मिक्सरमध्ये वाटली. पहिल्या वेळी मी फार पिळली, दूध कडू निघालं. सासूबाईंनी चव घेतली आणि म्हणाल्या, "सरक." ८४ वर्षांच्या हातांनी धडकं हलकंच दाबून दुसरं दूध काढलं. मी जवळ बसून बघितलं आणि लिहून घेतलं. किती वेळ भिजवायचं, किती पाणी, कुठं थांबायचं. पुतणीच्या मुलानं वाटीभर खीर खाल्ली. पुतणीनंही ते सगळं आपल्या फोनमध्ये टिपून नेलं.

माझी मागणी एवढीच आहे. या वेळ अमावस्येला तुमच्या घरात, गल्लीत जी कुणी सत्तरीच्या पुढची बाई आहे, तिच्याजवळ बसा. तिला विचारा, तुम्ही काय पेरत होता, कशाचं काय करत होता, कुठल्या गाडग्यात कोणतं बी होतं. एक पदार्थ तिच्या हातानं शिका. मूठभर बी मिळालं तर यंदा रब्बीत उशीर झालाय, पण राखेत ठेवा, पुढच्या साली चार तासं लावा. आणि त्या दिवशी रानात वाढून झालं की पंगतीत आपणही बसा, आपल्या ताटात भज्जी सगळ्यांएवढीच घ्या.